जरीची चमक आणि ‘त्यात काय नवीन?’ हा प्रश्न

१/ सोलापूरच्या शुक्रवार पेठेत साडीची घडी उलगडली की काठावर जर चमकते. पूर्वी जर म्हणजे चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचे पाणी. आजच्या स्वस्त जरीत बहुधा पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवरचा ॲल्युमिनियमचा थर असतो. या थराच्या मालकीवरून जगभर पेटंटचे वाद झडतात.

२/ प्लास्टिकचा पृष्ठभाग मुळात उदासीन. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिनवर धातू नीट चिकटत नाही. म्हणून फिल्मला आधी विद्युत-विसर्ग, ज्योत किंवा अस्तरलेप देतात. पृष्ठभागात ऑक्सिजनचे बंध शिरतात आणि पकड येते. विसर्गाची ही युक्ती १९५१ साली डेन्मार्कचे अभियंते वर्नर आयस्बी यांनी साधली. मग निर्वातात ॲल्युमिनियमची वाफ फिल्मवर बसते.

३/ म्हणजे घटक सारे जुने. तरीही कोणी क्रम बदलतो, कोणी दाब बदलतो आणि एकस्व मागतो. प्रतिपक्ष गरजतो : ‘हे तर उघडच होते!’

४/ भारतीय कायद्याची कसोटी स्पष्ट आहे : त्या विद्येतील जाणकाराला जे सहज सुचेल, त्यावर मक्तेदारी नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मिर्झापूरच्या भांडी-कारखानदारांच्या खटल्यात हेच ठणकावले. भांडे यंत्रावर घट्ट धरण्याची पद्धत ही केवळ कारखान्यातली सुधारणा ठरली आणि पेटंट गेले.

५/ पण उलट बाजूची लबाडीही ओळखावी. उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडे सोपे वाटते. ‘उघड होते’ म्हणणाऱ्याने दाखवावे की त्या तारखेपूर्वी हे घटक एकत्र आणण्याचे कारण जाणकारापुढे होते आणि यशाची वाजवी आशाही होती. नुसता पश्चातबुद्धीचा टेंभा हा पुरावा नव्हे.

६/ हळदीचे उदाहरण बोलके आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवरच्या हळदीला पेटंट मिळाले. परदेशातील केवळ तोंडी परंपरा आणि वापर तेव्हाचा अमेरिकी कायदा पूर्वज्ञान मानत नसे. छापील आधार हवा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ३२ संदर्भ मांडले, तेव्हा १९९७ साली ते पेटंट कोसळले. घरोघरची हळद नव्हे, कागद जिंकला.

७/ ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ ही आरोळी म्हणूनच पोकळ आहे. भारतीय कायदा सार्वजनिक वापर मानतो, पण तोही सिद्ध करावा लागतो. सोलापूरच्या मागांवरच्या, रंगखान्यांतल्या युक्त्या तारखेनिशी नोंदवल्या नाहीत, तर उद्या त्याच कोणी ‘नव्या’ म्हणून विकत देईल.

८/ इतिहास केवळ गड आणि लढायांचा नसतो. कारागिराची तारीख घातलेली वही हाही दस्तऐवजच. अभिमान न्यायालयात टिकत नाही, नोंद टिकते.