खापर चेटकिणींच्या माथी

शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' शिकवताना दोन ठरीव वाक्ये मुलांच्या तोंडी घातली जातात. एक, अति महत्त्वाकांक्षेचा शेवट वाईट. दुसरे, तकदीरपुढे कुणाचे काही चालत नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारा एक शिक्षक म्हणून माझे म्हणणे असे की, नाटक या दोहोंपैकी एकही गोष्ट सांगत नाही. शिवाय ही दोन वाक्ये एकमेकांशी जुळतही नाहीत. सारे तकदीरनेच घडवले असेल, तर माणसाच्या महत्त्वाकांक्षेला दोष कसला द्यायचा?

चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावंडांनी १८०७ साली शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या. त्यांतली मॅकबेथची गोष्ट मी नववीच्या वर्गाला उर्दूत सांगितली आणि मनाला काय वाटले ते लिहायला सांगितले. बहुतेकांनी वरची दोन वाक्ये उतरवली. एका मुलीने मात्र विचारले, चेटकिणी दोघांना भेटल्या, मग खून एकानेच का केला?

वाचकहो, या एका प्रश्नात सारे नाटक आले. माळरानावर मॅकबेथ आणि बँको दोघेही होते. मॅकबेथ राजा होईल आणि बँकोचे वंशज राजे होतील, असे चेटकिणी म्हणाल्या. 'खंजीर उचल' असे त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते. कॉडॉरची सरदारकी तर मॅकबेथला हात न हलवता मिळाली. नशिबात असेल तर मुकुटही असाच चालत येईल, हा विचार त्याच्या स्वतःच्या मनात येऊन गेला होता. तरी त्याने घरी मेहमान म्हणून आलेल्या, नात्यातल्या राजा डंकनला झोपेत मारले.

जाणकार म्हणतील, बँकोला शेक्सपिअरने मुद्दाम स्वच्छ केले. खरे आहे. होलिन्शेडच्या ज्या बखरीवरून त्याने कथानक घेतले, तिच्यात बँको कटात सामील आहे. १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला राजा जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, त्याला दुखवून कसे चालेल? इतिहासातला डंकनही १०४० साली लढाईत पडला, बिछान्यात नव्हे. पण कारण काही असो, नाटककाराने एकच भाकीत ऐकणारी दोन माणसे शेजारी उभी केली आणि त्यांचे रस्ते वेगळे केले. तकदीरचाच पाढा वाचायचा असता, तर बँकोला वेगळे काढण्याने त्याचे काम अवघडच झाले असते.

त्या मुलीने पुढे घरचे लिहिले होते. तिची आपा हुशार. दहावीनंतर तिला घरी बसवले, तेव्हा सगळे म्हणाले, तकदीर! भाईजानच्या नोकरीसाठी मात्र अब्बांनी दहा दारे ठोठावली, तेव्हा तकदीरचे नाव कुणी काढले नाही.

मॅकबेथ नेमके हेच करतो. स्वतःच्या राज्याचे भाकीत त्याला अटळ वाटते. बँकोच्या वंशजांचे भाकीत मात्र तो मोडायला निघतो. बँकोवर आणि त्याच्या मुलावर, फ्लिअन्सवर, मारेकरी घालतो. बाप मरतो, मुलगा निसटतो. फायद्याची तेवढी तकदीर मानायची आणि गैरसोयीची आली की तदबीर लढवायची! या वृत्तीला ईमान म्हणायचे की मतलब?

दुसरे खापर लेडी मॅकबेथवर. बाईने बिघडवले, हे आपल्या कट्ट्यांवरचे लाडके निदान. तिने डंकनच्या खुनासाठी नवऱ्याला डिवचले, हे कोण नाकारेल? पण बँकोचा बेत तो तिला सांगतही नाही, आणि मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल तो एकट्याच्या निर्णयाने करवतो. तिला झोपेत हातावर रक्त दिसते, वेड लागते. तो शेवटपर्यंत नव्या भाकितांचा आधार शोधत राहतो.

राहिली महत्त्वाकांक्षा. दुसऱ्याच्या घरात खंजीर घेऊन शिरणे आणि अकरावीत दाखला घेणे, या दोन्हींना एकच शब्द लावणारा धडा आपल्या मुलांना काय शिकवणार? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार ६ ते १४ वयाच्या चार मुस्लिम मुलांपैकी एक शाळेत गेलेच नव्हते किंवा शाळा सोडून बसले होते. ही काही चेटकिणींची करणी नव्हती. गरिबी होती, दूरच्या शाळा होत्या, आणि आपण मोठ्यांनी घेतलेले निर्णयही होते. अशा मुलांना आकांक्षेची भीती घालणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे तोटे समजावण्यासारखे आहे.

ती वही पाहून एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी शेरा दिला, "मुलगी जरा जास्तच डोके चालवते." त्यांना उत्तर अपेक्षित होते, प्रश्न नव्हे. माझा माझ्या बिरादरीतल्या शिक्षकांशी झगडा आहे तो इथेच. मुलांचे स्वतःचे लिहिणे लाल शाईने खोडू नका. आणि पालकांना एवढेच विचारतो, धाकटीचा दहावीचा निकाल लागेल तेव्हा तुम्ही तकदीरचे नाव घेणार आहात, की कॉलेजचा फॉर्म आणणार आहात?