वर्ष संपल्यावर
ग्रामीण सेवेचं एक वर्ष संपवून गडचिरोलीतच राहायचं ठरवणाऱ्या डॉक्टर मुलामुलींचं मला मनापासून कौतुक वाटतं. घरचे म्हणतात, "झाली ना सेवा? आता परत ये." पण पहिलं वर्ष गोंडी, माडिया या भाषा कानात बसण्यातच सरतं, लोक दुखणं मोकळेपणानं सांगू लागतात, तोवर निघायची वेळ होते. डॉक्टर दांपत्य अभय आणि राणी बंग यांचंच बघा, ते इथं आले १९८६ साली. गावातल्याच आरोग्यदूत बाया घरोघरी जाऊन नवजात बाळांना वाचवू शकतात, हा त्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला १९९९ला. मध्ये १३ वर्षं गेली! एका वर्षात हे कसं व्हावं? आईवडिलांनी अडवू नये. उलट एकदा जाऊन लेकराच्या त्या भाड्याच्या खोलीत चार दिवस राहून यावं.