तास भरले, पण मात्रा आठवते का?

इन्सुलिनच्या कुपीवर 'प्रति मिलिलिटर ४० युनिट' असे छापलेले असते. ट्रेमध्ये सिरिंज मात्र १०० युनिटची असू शकते. त्या सिरिंजच्या चाळिसाच्या खुणेपर्यंत औषध भरले, तर रुग्णाला प्रत्यक्षात केवळ १६ युनिट मिळतात. याउलट १०० युनिटचे इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजमध्ये भरल्यास मात्रा अडीचपट होते आणि ती जिवावर बेतू शकते. हे गणित प्रत्येक परिचारिका शिकलेली असते. दहा वर्षांच्या नोकरीनंतर, रात्रपाळीत पहाटे तीन वाजता ते आठवते का, हा खरा प्रश्न आहे.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण, असा दंडक भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिला. वॉर्डात मनुष्यबळ अपुरे आणि कार्यशाळेसाठी रजा मिळणे दुरापास्त, अशा स्थितीत स्वयंअध्ययनाचा मार्ग सोयीचा ठरतो. पूर्वी छापील पुस्तिका होत्या. पुढे संगणकावरील पाठ आले. करोनाच्या साथीत २०२० मध्ये केंद्र सरकारने 'दीक्षा' या व्यासपीठावरून परिचारिकांसाठीही प्रशिक्षण खुले केले, तेव्हापासून मोबाइल हीच वर्गखोली, असा समज रूढ झाला.

हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या इंटरनेट-शिक्षणावरील दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. काहीच न शिकविण्याच्या तुलनेत इंटरनेटचा लाभ मोठा होता; पारंपरिक पद्धतींशी तुलना करता मात्र फरक किरकोळ निघाला. थोडक्यात, पडद्यावर वाचले काय किंवा कागदावर, त्याने फारसे बिघडत नाही.

बिघडते ते केवळ वाचण्याने. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले. आठवड्यानंतर चित्र उलटले. न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. ते महाविद्यालयीन विद्यार्थी होते, परिचारिका नव्हेत, हे मान्य. तरीही पाठ संपताक्षणी पाच प्रश्न विचारून प्रमाणपत्र देण्याची जी सर्रास रीत आहे, ती नेमकी त्या पहिल्या पाच मिनिटांचीच परीक्षा घेते. महिन्याभराने मात्रेची दोन उदाहरणे सोडवायला देणारी साधी झेरॉक्स पुस्तिका तिच्यापेक्षा उपयुक्त ठरावी.

अर्थात, सारा दोष स्मरणशक्तीवर ढकलणे रुग्णालयांच्या सोयीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी गंभीर, टाळण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा कामाची पद्धत आणि औषधांची वेष्टनेही त्यात होती. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र द्रावणे वॉर्डातल्या कपाटातून हलविणे, दुसऱ्या परिचारिकेकडून मात्रा तपासून घेणे, ही कामे घरी बसून मोबाइलवर होत नाहीत. शिवाय हा अभ्यास पाळी संपवून, घरचा स्वयंपाक उरकून करायचा असतो. ड्यूटीच्या वेळातला अर्धा तास त्यासाठी राखून ठेवायला रुग्णालये तयार आहेत का, हे १५० तासांच्या हिशेबात कुठेच विचारले जात नाही.