आवडता प्राणी ससा : निबंधात ठीक, पण घरी आणताना?



'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला की चार-पाच वह्यांत तरी ससा निघतोच. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा. आपणही बरोबरची खूण करतो आणि पुढची वही घेतो. पण तेच मूल घरी हट्ट धरतं आणि वाढदिवसाला पिंजऱ्यातून ससा येतो. तेव्हा हीच अर्धवट माहिती त्या जिवावर बेतते. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते : लहान मुलाला भेट म्हणून ससा आणू नका. घरातल्या मोठ्या माणसाला स्वतःला त्याची देखभाल करायची असेल, तरच आणा.

नीट सांभाळलेला ससा 8 ते 10 वर्षे जगतो. म्हणजे पहिलीतली हौस दहावीच्या परीक्षेपर्यंत टिकायला हवी! शिवाय मुलांना त्याला उचलून कवटाळायचं असतं आणि सशाला नेमकं तेच नको असतं. उचललं की तो घाबरून मागच्या पायांनी जोरात झटका देतो. नीट धरलं नसेल तर त्यात त्याचा कणासुद्धा मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलू नये. जमिनीवर त्याच्याशेजारी बसायला मुलांना शिकवा, तो आपणहून जवळ येतो.

आता खाणं. गाजर गोड असतं, कधीतरी एखादी चकती पुरे. खरा आहार म्हणजे वाळलेलं गवत. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावून चावूनच झिजतात. जोडीला धुतलेली हरळी, कोथिंबीर द्या. लसूणघास पिल्लांना चालतो, मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं. पोळी-बिस्किटं बंदच. "सशाला पाणी पाजलं की तो मरतो," असं काही विकणारेच सांगतात. साफ खोटं आहे हे! पाणी चोवीस तास समोर हवं. आणि ससा दुखणं लपवतो, कुत्र्या-मांजरासारखा ओरडून सांगत नाही. अर्धा दिवस त्याने काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर 'उद्या बघू' म्हणू नका, लगेच पशुवैद्यांकडे न्या.

आपला उन्हाळाही लक्षात घ्या. 30 अंशांच्या पुढे सशाला त्रास होऊ लागतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात तर पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली किंवा गच्चीवर पिंजरा ठेवायचा विचारही करू नका. गार फरशीची, सावलीची, वारा खेळणारी जागा घरात नसेल, तर ससा नको.

एवढं करूनही आणायचाच असेल, तर दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊ नका, दुकानात कितीही गोंडस दिसलं तरी. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, शेपटीखाली घाण नाही, पुढचे दात एकमेकांवर नीट बसलेले, एवढं पाहा. सशाला सोबत लागते, पण "दोन्ही माद्या आहेत" या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, डॉक्टरांकडून खात्री करा. मादी चार-पाच महिन्यांत वयात येते आणि महिन्याभरात विते. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

खेड्यातल्या शाळांसाठी अजून एक. ज्वारी काढताना, ऊस तोडताना सशाची पिल्लं सापडतात आणि मुलं ती दप्तरात घालून आणतात. हा रानससा, पाळीव सशाहून वेगळा प्राणी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तो पाळता येत नाही. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई दिवसा मुद्दाम लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. म्हणजे ती पोरकी नसतात हो! मुलांना रागावू नका. पिल्लू जिथून उचललं तिथेच ठेवून यायला सांगा. तिथे तोडणी चालू असेल, तर अगदी जवळच्या बांधावरच्या गवतात.