सावलीवरही आपला हक्क

वस्तीत बीपी-शुगर तपासताना आम्ही ‘रोज चाला’ सांगतो. भगिनी विचारतात, “ताई, चालायचं कुठे?” प्रश्न खरा आहे, गल्लीत दोन माणसं शेजारून जात नाहीत. पण धारावीला लागून, मिठीकाठी, ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी तिथे शहराचा कचरा पडे. आज झाडीतून पायवाटा आहेत. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास तिथे फेरी मारा. बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग ठेवा. गोळ्या मात्र सोडू नका. तथागतांनी चंक्रमणाचे लाभ सांगितले आहेत. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावला. सार्वजनिक सावलीही आपलीच आहे. उद्यानाची वेळ कष्टकरी बाईला जमेल अशी आणि प्रवेश परवडेल असा हवा, ही मागणी महिला मंडळांनी लावून धरावी. जय भीम!