ताटकळलेल्याचा हिशेब

4 मे 2025, रविवार. आपल्याकडे सकाळच्या चहाची वेळ, रियाधमध्ये नुकतंच उजाडलेलं, आणि रिंगमध्ये विल्यम स्कल मागे मागे सरकतोय. दोराला पाठ लागली की बाजूला दोन पावलं, पुन्हा दोर, पुन्हा दोन पावलं. समोर साउल ‘कानेलो’ अल्वारेझ. लालसर केसांमुळे दालचिनीवरून त्याला हे नाव पडलं. दोन्ही हात गालांपाशी, हनुवटी छातीत, एक पाऊल पुढे. हात सुटतो तोवर स्कल तिथून निघून गेलेला असतो. बारा फेऱ्या हेच चाललं. 36 मिनिटांत कानेलोने 152 ठोसे टाकले, म्हणजे मिनिटाला जेमतेम चार. दोघांचे मिळून 445. कॉम्प्युबॉक्सवाले चाळीस वर्षं ठोसे मोजत आले आहेत. बारा फेऱ्या पूर्ण चाललेल्या लढतीत इतके कमी ठोसे त्यांनी कधी मोजले नव्हते.

कानेलो जिंकला. टीव्ही बंद करताना माझ्या मनात मात्र तिसराच माणूस होता : डेव्हिड बेनाविदेझ. कानेलोची जी लढत सगळ्यांना हवी होती ती त्याच्याशी, आणि ती झालीच नाही.

बॉक्सिंगच्या चाहत्यांत यावरून वर्षानुवर्षं वाद पेटलेला आहे : कानेलो बेनाविदेझला घाबरला का? हा वाद मी दोन्ही बाजूंनी ऐकला आहे, स्वतः घातलाही आहे. आता मला वाटतं, आपण चुकीचाच प्रश्न धरून बसलो.

कानेलोला भित्रा म्हणणं अन्याय आहे. तेविसाव्या वर्षी तो फ्लॉइड मेवेदरसमोर उभा राहिला आणि हरला. गेनाडी गोलोव्किनशी तीनदा लढला. 2019 मध्ये 175 पौंडांच्या गटात चढून त्याने सर्गेई कोवालेव्हला अकराव्या फेरीत आडवं केलं. नोव्हेंबर 2021 मध्ये केलेब प्लांटला हरवून 168 पौंडांच्या सुपर मिडलवेट गटात चारही संघटनांचे पट्टे एकत्र आणणारा तो पहिला ठरला. सहा महिन्यांनी पुन्हा 175 मध्ये जाऊन दिमित्री बिवोलला भिडला आणि हरला. पाय लटपटणारा माणूस अशा वाटेला जात नाही.

मग तक्रार कशाची? वेळेची. बेनाविदेझच्या वाया गेलेल्या वेळेची.

2017 मध्ये, विसाव्या वर्षी, बेनाविदेझ त्या चार संघटनांपैकी डब्ल्यूबीसीचा विश्वविजेता झाला. या वजनगटातला सर्वांत तरुण. पट्टा त्याने दोनदा गमावला, आणि दोन्ही वेळा रिंगबाहेर : एकदा चाचणीत कोकेन सापडलं म्हणून, दुसऱ्यांदा 2020 मध्ये वजनकाट्यावर. चूक पूर्णपणे त्याची होती. तो रिकामा झालेला पट्टा त्याच वर्षी डिसेंबरात कॅलम स्मिथला हरवून कानेलोने कमावला. बेनाविदेझ मग रांगेच्या शेवटाला गेला आणि एकेक पायरी पुन्हा चढला. मे 2022 मध्ये डेव्हिड लेम्यूला हरवून अंतरिम विजेता, म्हणजे पट्ट्याचा पुढचा हक्कदार, झाला. मार्च 2023 मध्ये प्लांटला हरवलं. नोव्हेंबर 2023 मध्ये तोवर अपराजित असलेल्या डेमेट्रियस अँड्राडेला असं झोडपलं, की सहाव्या फेरीनंतर अँड्राडेच्या कोपऱ्यानेच लढत सोडली.

त्याच काळात कानेलोने या वजनात कुणाला निवडलं? चाळिशीतला गोलोव्किन. जॉन रायडर. 154 पौंडांवरून एकदम वर आलेला जर्मेल चार्लो. हाइमे मुंगिया. यातला कुणीही टाकाऊ नव्हे, पण बेनाविदेझ यांच्या आधीपासून दारात उभा होता. त्याच्याकडे वजनाशिवाय काही नाही, असं कानेलो म्हणत राहिला. 2024 मध्ये त्याने आकडाच सांगून टाकला, 15 ते 20 कोटी डॉलर मिळाले तर लढतो. जून 2024 मध्ये बेनाविदेझने नाद सोडला आणि तो 175 च्या गटात निघून गेला. पंचविसाव्या वर्षी हक्क कमावला आणि सत्ताविसाव्या वर्षी दारातून परत फिरला. बॉक्सरच्या अंगात ऐन भराची वर्षं मोजकी असतात. त्यातली दोन गेली.

आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीला गेलेल्याला हे लगेच कळेल. नेमलेल्या मोठ्या कुस्त्या शेवटी असतात. त्याआधी मैदानातच जोडी लावतात. लंगोट कसलेला एखादा पैलवान हात वर करून गर्दीच्या कडेकडेने फिरतो, जोड मागतो. मी लहानपणी असा एक पाहिला होता. अंगाला माती लावून त्याने तीन फेऱ्या मारल्या, कुणी उतरलं नाही. हलगी वाजतच होती. तो वाकला, कपडे उचलले आणि अंगावरची माती न झटकताच सदरा चढवला. त्या दिवशीच्या विजेत्यांपैकी कुणाचंही नाव मला आठवत नाही, त्याची पाठ आठवते.

विजेत्याच्या विक्रमात त्याने कुणाला हरवलं याची ओळ असते. त्याने कुणाला ताटकळत ठेवलं याची ओळ नसते. म्हणून हा हिशेब आपण ठेवला पाहिजे.

बॉक्सिंगच्या इतिहासात हा हिशेब सर्वांत मोठा निघतो तो हॅरी विल्सच्या नावावर. जॅक डेम्प्सी 1919 ते 1926 हेवीवेट विजेता होता आणि त्या बहुतेक काळात विल्स त्याचा पहिल्या नंबरचा आव्हानवीर. पण विल्स काळा होता. 1910 मध्ये जॅक जॉन्सनने जेम्स जेफ्रीजला हरवल्यावर अमेरिकेत वांशिक दंगली उसळल्या होत्या, आणि ती लढत भरवणारा टेक्स रिकार्डच पुढे डेम्प्सीचा प्रमोटर होता. बोलणी झाली, करार झाले, लढत झाली नाही. सप्टेंबर 1923 नंतर डेम्प्सीने तीन वर्षं पट्टा पणाला लावलाच नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने विल्सची बाजू धरली, तर डेम्प्सीची जीन टनीविरुद्धची लढत फिलाडेल्फियाला हलवली गेली. विल्सला विश्वविजेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही. बेनाविदेझचं दुखणं आणि विल्सवरचा वर्णद्वेषी अन्याय एका मापाने मोजता येणार नाहीत. दोन्हीकडे यंत्रणा मात्र तीच : ज्याच्या नावावर तिकीट खपतं तोच समोरचा माणूस निवडतो. टेनिसमध्ये ड्रॉ निघतो, फुटबॉलमध्ये वेळापत्रक लागतं. इथे विजेता स्वतःच निवड समिती.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. हक्काच्या आव्हानवीराशी लढण्याच्या नियमाने काय साधलं? चार संघटनांपैकी आयबीएफने तो नियम लावलाच की. हक्काचा आव्हानवीर असलेल्या स्कलशी लढत केली नाही म्हणून जुलै 2024 मध्ये त्यांनी कानेलोचा पट्टा काढून घेतला. पुढे स्कल विजेता झाला, आणि त्यातून आपल्या वाट्याला मेमधली ती सकाळ आली. खरं आहे. पण यात दोष यादीचा आहे. चार संघटना, चार याद्या. एकीच्या यादीत स्कल वर, दुसरीच्या यादीत बेनाविदेझ. चार याद्या असल्या की विजेत्याला हवी ती पुढे करता येते, आणि नको ती बाजूला ठेवता येते.

दुसरा आक्षेप असा, की अंगावर ठोसे तो खातो, मग जोडही त्यानेच ठरवावी. कानेलोचं नाव तीस-पस्तीस लढतींत कमावलेलं नाही. साठांहून अधिक वेळा तो दोरांच्या आत उतरला आहे. त्याच्या कमाईवर, तब्येतीवर त्याचा हक्क मी मानतो. पण पट्टा त्याच्या घरचा नाही. तो त्याच्याकडे ठेव म्हणून आहे. नको असेल तर सोडावा, ठेवायचा असेल तर पाळी आलेल्याला दार उघडावं.

आणि सोपा कोण, अवघड कोण हे ठरवायला आपण तरी कोण? सप्टेंबर 2025 मध्ये लास व्हेगसमध्ये सत्तर हजारांवर प्रेक्षकांसमोर टेरेन्स क्रॉफर्ड 154 वरून 168 मध्ये आला. लहान चणीचा माणूस, म्हणून अनेकांनी ही कानेलोची सोयीची निवड मानली. क्रॉफर्डने तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर त्याला हरवलं आणि चारही पट्टे नेले. सोपं-अवघडच्या वादाचा निकाल घंटा वाजल्याशिवाय लागत नाही. पाळी कुणाची, याचं उत्तर मात्र आधीच देता येतं.

पाळी पाळूनही मोठं होता येतं, हे ऑलेक्झांडर उसिकने दाखवलं. 2018 मध्ये क्रूझरवेटच्या वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सिरीजमध्ये हा युक्रेनियन उपांत्य लढतीत माइरिस ब्रिएडिसला रिगात, त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवून आला आणि अंतिम लढतीत मुरात गासिएव्हला मॉस्कोत. 2021 मध्ये अँथनी जोशुआला लंडनमध्ये हरवलं. प्रतिस्पर्ध्याचं गाव, प्रतिस्पर्ध्याचे लोक, आणि समोर ज्याची पाळी तो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. चारही संघटनांनी प्रत्येक वजनगटाची एकच यादी करावी. अंतरिम पट्टा देऊन आव्हानवीराला वर्षानुवर्षं बसवून ठेवणं बंद करावं. पहिल्या नंबरला वर्षाच्या आत लढत मिळावी, नाहीतर पट्टा रिकामा व्हावा, मग विजेता कितीही मोठा असो.

एप्रिल 2025 मध्ये बेनाविदेझ पुन्हा विश्वविजेता झाला. बिवोलने 175 चा डब्ल्यूबीसी पट्टा सोडला आणि तिथला अंतरिम विजेता म्हणून तो बेनाविदेझकडे आला. तो दिवस लढतीचा नव्हता. घंटा वाजली नाही, पंचांनी कुणाचा हात वर केला नाही. उद्या कानेलोशी त्याची लढत ठरली तर मीही पहाटे उठून बघेन. पण 2023 मध्ये, दोघेही ऐन भरात असताना जी व्हायला हवी होती, ती लढत आता कुणालाच परत देता येणार नाही.