खरकट्या ताटांपलीकडचे शहर

परीक्षा संपल्या की घरोघरी एकच प्रश्न घोळू लागतो : दोन महिने मुलांचे करायचे काय? पोहण्याचा वर्ग, संगणकाचा वर्ग, इंग्रजी संभाषणाचा वर्ग... सुटीलाही वेळापत्रक चिकटते. आमच्या परिचयातल्या एका घरी मात्र गेल्या उन्हाळ्यात निराळाच पेच पडला. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, ‘‘पंधरा दिवस अमृतसरला बाबांच्या मित्राकडे राहतो. सुवर्णमंदिराच्या लंगरात काम करायचंय.’’ आईने आधी उन्हाचे कारण काढले, मग अंतराचे. शेवटी मनातले ओठांवर आले, ‘‘घरी चहाचा कप उचलत नाहीस, तिथे लोकांची उष्टी काढणार?’’

तरी तो गेला.

लंगरात काम मागायला अर्ज लागत नाही. डोके झाकायचे, हातपाय धुवायचे आणि दिसेल त्या कामाला बसायचे. कुणी लसूण सोलते, कुणी पोळ्या लाटते, कुणी ताटे घासते. आलेल्यांची चप्पल सांभाळणे हीसुद्धा सेवाच. शिखांच्या बोलण्यात जेवणाऱ्यांच्या ओळीला शब्द आहे ‘पंगत’. आपलाच शब्द! फरक एवढाच, की तिथे पंगतीत कोण कुणाशेजारी बसले, हे कुणी पाहत नाही. आपल्याकडे अशी पंगत बसायला किती काळ जावा लागला, हे आठवून पाहावे.

दुपारनंतर मुलगा शहरात भटके. मंदिरापासून चार पावलांवर जालियनवाला बाग. १३ एप्रिल १९१९ ही तारीख त्याने परीक्षेपुरती पाठ केली होती. भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांपुढे उभा राहिल्यावर ती पहिल्यांदा समजली. जुन्या टाऊन हॉलमध्ये २०१७ साली सुरू झालेले फाळणीचे संग्रहालय पाहून आला, त्या रात्री त्याने घरी बराच वेळ फोन केला. गुरू अर्जनदेवांच्या हौतात्म्याच्या स्मरणार्थ ऐन उन्हाळ्यात रस्तोरस्ती वाटसरूंना गोड, थंड दूधपाणी देतात. ती ‘छबील’ त्याने प्यायली आणि दुसऱ्या पेल्याऐवजी वाटायला उभा राहिला. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हेही त्याला तिथेच कळले. सातशे वर्षांपूर्वीचा आपला माणूस तिथे घरचा होता आणि आपल्याला मात्र ते शहर परके!

प्रवासी शहर पाहतो, काम करणाऱ्याला ते भेटते. मात्र इथे एक सावधगिरी हवी. सेवा म्हणजे सहलीतले एक स्थळ नव्हे. त्याच अमृतसरमध्ये भगत पूरणसिंगांनी उभारलेला पिंगलवाडा आहे. एका अपंग मुलाला वर्षानुवर्षे पाठीवर वाहून नेणाऱ्या माणसाने निराधारांसाठी काढलेले ते घर. तिथल्या रुग्णांना रोजचे, ओळखीचे हात लागतात. पंधरा दिवसांचा हौशी पाहुणा तिथे मदतीपेक्षा अडचणच व्हायचा. म्हणून मुलांना पाठवताना आधी विचारावे, की आपल्या येण्याने तिथले काम हलके होणार की वाढणार? ताट घासायला अनुभव लागत नाही, नम्रता लागते. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

शिवाय मूल दूर धाडणे सोपे नसते. गर्दी, आजारपण, फसवणूक, या आईवडिलांच्या भीतीला हसू नये. राहण्याची खात्रीची जागा, रोज एक फोन आणि परतीचे तिकीट एवढी तरतूद जरूर करावी. पण भीतीपायी सुटी चार भिंतींत घालवली, तर मूल सुरक्षित राहते आणि अनोळखीही. जगाला आणि स्वतःलाही.

तो मुलगा परत आला. आता चहाचा कप रोज उचलतो का? कधी उचलतो, कधी विसरतो. आईही पूर्वीसारखीच ओरडते. पण परवा तिने हळूच विचारले, ‘‘तिथे पोळ्या लाटायला बायका असतात ना रे? पुढच्या मे महिन्यात मीही येईन म्हणते.’’